लिव्हरमध्ये गाठ दिसली: सोनोग्राफी, सिटी, एमआरआय यांतलं नेमकं काय करायचं?

आर्णी तालुक्यातल्या एका गावातून एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: "माझे बाबा ५८ वर्षांचे. दोन महिन्यांपासून पोट जड वाटतं, जेवण कमी झालं. तालुक्याला सोनोग्राफी केली. लिव्हरच्या उजव्या भागात ३.४ सेंमीचं 'एसओएल' आहे असं लिहून आलं. एक डॉक्टर सिटी स्कॅन करा म्हणतात, दुसरे थेट एमआरआय. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो पेट स्कॅनमध्ये सगळं एकदाच दिसतं. गावातले म्हणतात सुई लावू देऊ नका, पसरते. सोयाबीनचे पैसे हाती आहेत, ते एकदाच नीट खर्च करायचे आहेत. सगळ्यात चांगली तपासणी कोणती?"

भाऊ, मी २२ वर्षांपासून रेडिओलॉजी करतो आणि त्यातली बहुतेक वर्षं वर्धा-यवतमाळकडच्याच रुग्णांची पोटं बघण्यात गेली. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन आठवड्यातून एक तरी कुटुंब माझ्यासमोर बसतं. म्हणून उत्तर आधी देतो, कारणं मग सांगतो. तुम्ही दिलेल्या माहितीवरून बाबांची पुढची तपासणी कॉन्ट्रास्ट (चित्र उजळवणारं, शिरेतून द्यायचं औषध) देऊन केलेला, तीन टप्प्यांचा, म्हणजे ट्रायफेजिक सिटी स्कॅन असावी. पेट आत्ता नको. एमआरआय हातचा राखून ठेवा. सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायचा (बायोप्सी) की नाही, हा निर्णय सिटी बघितल्यावर. मात्र सिटीला निघण्याआधी बाबांचं लिव्हर कसं आहे हे कळलं पाहिजे. नुसती गाठ मोजून काही हाती लागत नाही.

'एसओएल' म्हणजे स्पेस ऑक्युपायिंग लिजन, जागा व्यापणारं काहीतरी. हे निदान नाही. रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गोळा (हिमॅन्जिओमा), पू भरलेला फोड, हायडॅटिडची (कुत्र्याकडून येणाऱ्या जंताची) पाण्याची गाठ, एका जागी साचलेली चरबी, लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर, दुसरीकडून आलेला कॅन्सर, या सगळ्यांना सोनोग्राफीवाला हाच शब्द लिहू शकतो. त्यामुळे तो शब्द वाचून घरात रडारड झाली असेल तर आधी सगळ्यांना शांत करा. आणि रिपोर्टमधल्या बाकीच्या ओळी वाचा, त्या कुणीच वाचत नाही. लिव्हर 'कोअर्स', म्हणजे खडबडीत, आहे का? पृष्ठभाग उंचसखल आहे का? प्लीहा वाढली आहे का? पोर्टल व्हेन, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी मोठी शीर, रुंद झाली आहे का? पोटात पाणी आहे का? या खुणा असतील तर लिव्हर सिऱ्होसिसकडे, म्हणजे कायमचं कडक आणि चट्टेदार होण्याकडे, गेलेलं आहे, आणि अशा लिव्हरमधल्या नव्या घट्ट गाठीकडे ती लिव्हरचा कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत संशयानेच बघायचं. ३५ वर्षांच्या, दारू न पिणाऱ्या, काविळीच्या तपासण्या नॉर्मल असलेल्या बाईत दिसलेली तेवढीच गाठ बहुतेक वेळा साधा हिमॅन्जिओमा निघते. गाठ दिसायला सारखीच असते, भोवतीचं लिव्हर वेगळं असतं.

हे मी एका चुकीतून शिकलो. नवीन होतो तेव्हा रोज दारू पिणाऱ्या चाळिशीतल्या एका माणसाची सोनोग्राफी केली. लिव्हरमध्ये एक पांढरी, गोल, स्वच्छ कडांची गाठ होती. पुस्तकात हिमॅन्जिओमाचं जे चित्र असतं तसंच. मी तसं लिहून दिलं. लिव्हर खडबडीत आहे हेही त्याच रिपोर्टमध्ये मीच लिहिलं होतं, पण दोन वाक्यं एकमेकांना जोडली नाहीत. आठ महिन्यांनी तो माणूस परत आला तेव्हा गाठ पोर्टल व्हेनमध्ये शिरलेली होती. त्याच्या बायकोने तो जुना कागद घडी घालून जपून आणला होता. त्या दिवसानंतर लिव्हरबद्दलची ओळ लिहिल्याशिवाय मी गाठीबद्दलची ओळ लिहीत नाही.

म्हणून सिटीच्या आधी रक्ताच्या या तपासण्या करून घ्या: हिपॅटायटिस बी म्हणजे एचबीएसएजी, हिपॅटायटिस सी, लिव्हर फंक्शन, प्लेटलेट, पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची), क्रिएटिनिन (किडनीची) आणि एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये अनेकदा वाढणारं रक्तातलं प्रथिन). यांचा खर्च स्कॅनच्या मानाने फार नाही, आणि स्कॅन वाचणाऱ्याला निम्मी गोष्ट यांतूनच कळते. एएफपी ४०० च्या वर असेल तर संशय फार वाढतो. पण एएफपी नॉर्मल आलं म्हणून कॅन्सर नाही असं धरू नका. लिव्हरच्या कॅन्सरच्या अनेक रुग्णांत, विशेषतः गाठ लहान असताना, ते वाढलेलंच नसतं. आणि बाबांना ताप येतो का, उजव्या फासळ्यांखाली दाबल्यावर कळ येते का, दारू किती वर्षं आणि कोणती, हे तुमच्या प्रश्नात नाही. डॉक्टरांना ते न लपवता सांगा. मोहाची की देशी, रोज की सणावारी, सगळं. आम्हाला कुणाचा न्याय करायचा नसतो, चित्र वाचायचं असतं.

आता तीन टप्प्यांची सिटीच का, ते सांगतो. हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

लिव्हर हे दोन पाण्यांवर ओलित होणारं वावर आहे असं समजा. एक पाणी नहराचं. आतड्यांतून, प्लीहेतून गोळा झालेलं रक्त पोर्टल व्हेनने येतं, आणि लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं जवळपास तीन चतुर्थांश हेच असतं. दुसरं पाणी विहिरीच्या मोटरचं. हृदयाकडून थेट हिपॅटिक आर्टरीने जोरात येतं, पण ते एक चतुर्थांशच. लिव्हरचा जो मुख्य कॅन्सर, हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, ज्याला आम्ही एचसीसी म्हणतो, तो वाढत जातो तसा नहराशी नातं तोडतो आणि जवळपास पूर्णपणे मोटरच्या पाण्यावर जगू लागतो.

आता हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट सोडला की तो आधी मोटरने येतो. इंजेक्शन सुरू झाल्यापासून साधारण ३५ ते ४० सेकंदांनी चित्र घेतलं तर गाठ भरून उजळते आणि भोवतीचं लिव्हर अजून कोरडं, फिकं असतं. हा आर्टरियल टप्पा. सुमारे ७० सेकंदांनी नहराचं पाणी पोचतं, सगळं लिव्हर उजळतं. हा पोर्टल टप्पा. आणि ३ ते ५ मिनिटांनी घेतलेल्या चित्रात वावर अजून ओलं असतं, पण गाठ आधीच सुकून काळपट पडलेली असते. याला आम्ही वॉशआउट म्हणतो. आधी उजळणं आणि मग भोवतीच्या लिव्हरपेक्षा काळं पडणं, ही जोडी सिऱ्होसिसच्या किंवा जुन्या हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णात, १ सेंमी किंवा त्याहून मोठ्या गाठीत स्पष्ट दिसली तर एचसीसीचं निदान चित्रावरूनच करता येतं. तुकडा काढावा लागत नाही. घन गाठींच्या कॅन्सरमध्ये ही सोय दुर्मीळ आहे, आणि ती या दोन पाण्यांमुळे मिळाली आहे.

हिमॅन्जिओमाचं वागणं याच्या उलट असतं. त्यात कॉन्ट्रास्ट कडेकडेने ठिपक्याठिपक्यांनी शिरतो, हळूहळू आतल्या बाजूला भरत जातो आणि शेवटच्या टप्प्यातही टिकून राहतो. आतड्यातून किंवा जठरातून आलेल्या कॅन्सरच्या गाठी बहुतेक वेळा पोर्टल टप्प्यात चांगल्या दिसतात, काळ्या, कधी भोवती उजळ कडा असलेल्या. म्हणजे प्रत्येक गाठीची चाल वेगळी, आणि चाल ओळखायची तर एकाच क्षणाचा फोटो पुरत नाही.

आपल्याकडे पैसा सगळ्यात जास्त वाया जातो तो इथे. चिठ्ठीवर नुसतं 'सीईसीटी ॲबडोमेन', म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन पोटाचा सिटी, एवढंच लिहिलेलं असतं, सेंटरवर एकाच टप्प्यात, पोर्टलमध्ये, स्कॅन होतो. पोटदुखीसाठी तो ठीक आहे. लिव्हरच्या गाठीसाठी तो अर्धवट आहे. हिपॅटायटिस बी असलेली एक बाई माझ्याकडे आली होती, हातात महिनाभरापूर्वीचा सिटी, रिपोर्टमध्ये 'गाठ नाही'. एएफपी मात्र वाढतच होतं. तो स्कॅन एकाच टप्प्याचा होता. आम्ही तिन्ही टप्पे घेतले, तर आर्टरियल चित्रात २.६ सेंमीची गाठ लख्ख दिसली. पोर्टल टप्प्यात ती भोवतीच्या लिव्हरमध्ये विरघळून गेली होती. पहिला स्कॅन वाचणाऱ्याने काही चुकीचं वाचलं नव्हतं, त्याच्या चित्रात गाठ नव्हतीच. पण त्या कुटुंबाने दुसऱ्या स्कॅनसाठी उधारी केली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा सेंटरवर जाण्याआधी फोन करून स्पष्ट विचारा: "ट्रायफेजिक लिव्हर प्रोटोकॉल करता का? प्रेशर इंजेक्टर आहे का?" कॉन्ट्रास्ट हाताने ढकलून आर्टरियल टप्पा नीट मिळत नाही. तो सेकंदाला ३ ते ५ मिलीलिटर या वेगाने जावा लागतो, आणि त्यासाठी कोपराजवळच्या चांगल्या शिरेत १८ किंवा २० नंबरची सुई लागते. बाबांच्या शिरा बारीक असतील तर घाई करू देऊ नका. औषध जाताना अंगात गरम लहर येते, तोंडात धातूसारखी चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते घाबरून हलणार नाहीत. हलले तर तो टप्पा गेला, परत मिळत नाही.

क्रिएटिनिन वाढलेलं असेल, पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल, तर स्कॅनच्या आधी सांगा. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही. किडनी बरीच बिघडलेली असेल तर ती गोळी काही दिवस थांबवतात. किरणांची भीती मनात असेल तर खरं तेच सांगतो: तीन-चार टप्प्यांच्या स्कॅनमध्ये मिळणारे किरण नैसर्गिकरीत्या काही वर्षांत मिळतात तेवढे असतात. ५८ वर्षांच्या, कॅन्सरचा संशय असलेल्या माणसासाठी ही किंमत मोजण्यासारखी आहे. विशीतल्या मुलीच्या सोनोग्राफीत सहज दिसलेल्या गाठीसाठी मी आधी एमआरआयचा विचार करेन.

आणखी एक, उपाशीपोटी राहण्याचं. आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा न प्यायलेली म्हातारी माणसं मे महिन्यात एसटीने दोन-दोन तास प्रवास करून येतात, आणि टेबलावर झोपेपर्यंत जीभ कोरडी पडलेली असते. सिटीआधी घन अन्न काही तास बंद असतं, साधं पाणी बहुतेक ठिकाणी चालतं. सेंटरला विचारा आणि चालत असेल तर पाजा. घरात कुणी सिकलसेलचं असेल, आणि आपल्या भागात अशी घरं कमी नाहीत, तर त्यांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्या. शरीर कोरडं पडलं की त्यांना दुखण्याचा तीव्र झटका येऊ शकतो.

सोनोग्राफीला मी कमी लेखत नाही. किरण नाहीत, सुई नाही, तालुक्याला होते, परवडते, आणि बाबांची गाठ तिनेच शोधून दिली. पाण्याची गाठ आणि घट्ट गाठ यांतला फरक ती उत्तम सांगते. डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय) लावून पोर्टल व्हेनमध्ये गुठळी आहे का, हेही बघता येतं. पण तिच्या मर्यादा माहीत हव्यात. उजव्या बाजूला डायफ्रॅमच्या खाली, सातव्या-आठव्या सेगमेंटचा (लिव्हरचे असे आठ भाग मानतात) वरचा कोपरा फासळ्या आणि फुप्फुसाच्या आड लपतो. पोटात गॅस असेल, माणूस जाड असेल, लिव्हर चरबीने भरलेलं किंवा सिऱ्होसिसने आक्रसलेलं असेल, तर चित्र आणखी बिघडतं. सिऱ्होसिसच्या रुग्णांत एचसीसी अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असतो तेव्हा नुसत्या सोनोग्राफीतून जवळपास निम्म्या गाठी निसटतात. सोबत एएफपी केलं तर पकड सुधारते. म्हणून सिऱ्होसिसच्या माणसाची सोनोग्राफी एकदा नॉर्मल आली की संपलं असं नसतं, दर ६ महिन्यांनी ती करायची असते.

आपल्या भागात दोन आजार कॅन्सरचं सोंग घेतात, आणि दोन्हींत सोनोग्राफीच खरी कामाची.

पहिला अमिबाचा फोड. बहुतेक वेळा पुरुष, दारू पिणारा, आठ-पंधरा दिवसांचा ताप, उजव्या कुशीत दुखणं. लिव्हरच्या उजव्या भागात गोल, गढूळ गाठ. पू पूर्ण पातळ झालेला नसेल तर ती घट्ट गाठीसारखीच दिसते. मेट्रोनिडाझोलने ३-४ दिवसांत ताप उतरू लागतो. एक गोष्ट मात्र घरच्यांना सांगावी लागते: माणूस बरा झाला तरी सोनोग्राफीत ती पोकळी कित्येक महिने दिसत राहते. ती दिसते म्हणून पुन्हा पुन्हा सिटी करत बसण्यात अर्थ नाही. उलट, तापही नाही, दुखणंही नाही आणि तरी 'फोड' म्हणून महिनाभर औषधं चालू आहेत असं दिसलं, तर थांबून तिथे ट्रायफेजिक सिटी केलीच पाहिजे. आतून सडलेला ट्यूमर फोडासारखा दिसतो.

दुसरा हायडॅटिड. मेंढ्या आणि कुत्रा एकत्र असलेल्या घरांत, विशेषतः मेंढपाळ कुटुंबांत मला तो अनेकदा भेटला आहे. पाण्याची मोठी गाठ, आत छोट्या छोट्या गाठी, कधी आतलं आवरण सुटून कमळाच्या पानासारखं तरंगताना दिसतं. यात तयारी न करता सुई खुपसली तर आतलं पाणी पोटात सांडून जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते आणि आजार पोटभर पेरला जातो. गावातले सुईला घाबरतात त्यामागे अशी एखादी खरी गोष्ट असावी असं मला वाटतं. तुमच्या घरी मेंढ्या असतील किंवा बाबा पूर्वी राखत असतील तर डॉक्टरांना सांगा.

मोठ्या शहरांत सोनोग्राफी करताना शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचं औषध देऊन गाठ उजळताना प्रत्यक्ष बघतात. किडनी खराब असलेल्यांसाठी ती फार चांगली, कारण तो वायू श्वासावाटे बाहेर जातो. पण एका वेळी एकच गाठ नीट बघता येते, आणि ही सोय आपल्या जिल्ह्यांत सहज मिळत नाही.

आता एमआरआय. ज्या डॉक्टरांनी थेट एमआरआय सांगितला ते चूक नाहीत. २ सेंमीहून लहान गाठी एमआरआय सिटीपेक्षा जास्त पकडतो. हिमॅन्जिओमा त्याच्या टी-टू चित्रात दिव्यासारखा उजळतो, शंका राहत नाही. एका जागची चरबी तो दोन वेगळ्या क्षणांच्या चित्रांची तुलना करून लगेच ओळखतो. त्यात डिफ्यूजन नावाचं एक चित्र असतं, दुसरीकडून आलेल्या बारीक गाठी त्यात ठळक दिसतात. आतड्याच्या कॅन्सरनंतर लिव्हरचा तुकडा काढायचा असेल तर सर्जन म्हणूनच आधी एमआरआय मागतो. लिव्हरच्या पेशी स्वतः शोषून घेतात असं गॅडोक्झेटेट नावाचं खास कॉन्ट्रास्ट असतं. ते दिल्यावर २० मिनिटांनी निरोगी लिव्हर उजळतं आणि एचसीसी बहुतेक वेळा काळा राहतो. एफएनएच नावाची निरुपद्रवी गाठ मात्र लिव्हरसारखीच उजळ राहते. तरुण बाईच्या लिव्हरमधली गाठ कापायची की सोडून द्यायची हा निर्णय कित्येकदा त्या एका चित्रावर होतो. बिलिरुबिन खूप वाढलेलं असेल तर मात्र हे औषध लिव्हर नीट शोषत नाही आणि जास्तीचा खर्च वाया जातो.

मग मी बाबांसाठी आधी सिटी का म्हणतो? गाठ ३.४ सेंमीची आहे. एवढ्या आकाराला चांगला ट्रायफेजिक सिटी बहुतेक वेळा निकाल देतो. तो काही मिनिटांत होतो. त्याच वेळी पोट, फुप्फुसाचा तळ, लिम्फ नोड सगळं दिसतं. आणि एमआरआयला रुग्णाची साथ लागते. ३० ते ४५ मिनिटं बोगद्यात पडून राहायचं, पुन्हा पुन्हा १५ ते २० सेकंद श्वास रोखायचा. पोटात पाणी भरलेला, दम लागणारा माणूस ते करू शकत नाही, आणि हललेला एमआरआय चांगल्या सिटीपेक्षा कितीतरी वाईट. पुढे एमआरआय ठरलाच तर आधी आठवडाभर घरी बाबांकडून श्वास रोखण्याचा सराव करून घ्या. घड्याळ लावून, प्रत्येक वेळी सारखाच श्वास सोडून. मी माझ्या रुग्णांना हे सांगतो आणि चित्रांत फरक स्पष्ट दिसतो. पेसमेकर असेल, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर आधी सांगायचं. वेल्डिंग, ग्राइंडरचं काम केलेल्यांना मी हे मुद्दाम विचारतो. जोडवी, ताईत, करदोडा घरीच काढून ठेवायचे. आणि ज्या सिकलसेल रुग्णाला वारंवार रक्त चढवलं आहे त्याच्या लिव्हरमध्ये लोह साठून एमआरआयमध्ये ते काळंभोर दिसतं. ते वाचताना नेहमीचे नियम चालत नाहीत, म्हणून तंत्रज्ञाला ती माहिती द्याच.

सिटीत उत्तर संदिग्ध आलं, किडनी बिघडलेली आहे, सिटीत वापरतात त्या आयोडीनच्या कॉन्ट्रास्टची ॲलर्जी आहे, किंवा मुख्य गाठीशेजारी बारीक संशयास्पद ठिपके दिसले आणि त्यावर ऑपरेशनचा निर्णय अवलंबून आहे, अशा वेळी एमआरआयवर खर्च केलेला रुपया सार्थकी लागतो.

पेट स्कॅनबद्दल मावसभावाचा समज फार लोकांत आहे. पेटमध्ये साखरेसारखं किरणोत्सर्गी औषध देतात, कॅन्सरच्या पेशी ते खातात आणि चमकतात. पण हळू वाढणाऱ्या एचसीसीच्या पेशी लिव्हरच्या पेशींसारख्याच असतात. घेतलेली साखर त्या परत सोडून देतात, म्हणून चमकतच नाहीत. निम्म्याच्या आसपास एचसीसी साध्या पेटमध्ये असे लपून जातात. सगळ्यात महागडी तपासणी नॉर्मल येते आणि घरचे निर्धास्त होतात, याची मला फार भीती वाटते. दुसरीकडचा कॅन्सर लिव्हरमध्ये आला असेल आणि तो आणखी कुठे आहे हे शोधायचं असेल, तर पेट उपयोगी. तो निर्णय कॅन्सरतज्ज्ञांनी घ्यायचा.

आणि सुई. सिऱ्होसिसच्या लिव्हरमध्ये एचसीसीची पक्की चाल सिटीत दिसली तर तुकड्याची गरज नाही, हे वर सांगितलं. लिव्हर निरोगी असेल तर मात्र चित्रावरून एचसीसी म्हणता येत नाही. निरोगी लिव्हरमधली कॅन्सरची गाठ बहुधा दुसरीकडून आलेली असते, आणि कुठून आली हे तुकडाच सांगतो. सुईच्या वाटेने एचसीसीच्या पेशी पसरण्याचा धोका १०० मध्ये सुमारे ३ जणांना असतो. म्हणजे गावातले म्हणतात ते पूर्ण खोटं नाही. पण तुकड्याशिवाय औषध ठरत नसेल तर या भीतीने तो टाळणं मोठं नुकसान करतं. त्याआधी प्लेटलेट आणि आयएनआर बघतातच.

सिटीचा रिपोर्ट हाती आल्यावर त्यात या गोष्टी आहेत का बघा: गाठी किती, प्रत्येकीचं माप, कोणत्या सेगमेंटमध्ये, प्रत्येक टप्प्यात कशी दिसली, पोर्टल व्हेन मोकळी आहे का, लिव्हर कसं आहे, पोटात पाणी आहे का. सिऱ्होसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असेल तर 'एलआर' असं लिहून १ ते ५ आकडा असावा. ही लाय-रॅड्स नावाची पद्धत. एलआर-१ आणि २ म्हणजे निरुपद्रवी किंवा बहुधा निरुपद्रवी. एलआर-३ म्हणजे सांगता येत नाही, साधारण ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा बघायचं. एलआर-४ म्हणजे बहुधा एचसीसी. एलआर-५ म्हणजे एचसीसीच. एलआर-एम म्हणजे कॅन्सर वाटतो पण एचसीसीच असेल असं नाही, तिथे बहुतेक वेळा तुकडा लागतो. ही मापं पुढच्या उपचारांसाठी लागतात. उदाहरणार्थ, लिव्हर प्रत्यारोपणासाठी १९९६ पासून वापरात असलेला मिलान निकष एकच गाठ असेल तर ५ सेंमीपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक ३ सेंमीच्या आत, असा आहे. बाबांची ३.४ सेंमीची एकटी गाठ त्यात बसते. म्हणजे जरी ती एचसीसी निघाली, तरी पोर्टल व्हेन मोकळी असेल आणि लिव्हरने साथ दिली तर बरं करण्याच्या उद्देशाने उपचार करता येण्याची शक्यता आहे. म्हणूनच पुढचे दोन आठवडे महत्त्वाचे, ते हातचे जाऊ देऊ नका.

फिल्मबरोबर सीडी मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रं असतात. सीडीत सगळे टप्पे, सगळे पातळ काप असतात, आणि नागपूरच्या डॉक्टरांना तीच लागते. सीडी नाही म्हणून पुन्हा सिटी झालेले कित्येक रुग्ण मी बघितले आहेत. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्राम, सावंगी मेघे, नागपूरचं मेडिकल आणि एम्स यांपैकी तुम्हाला जिथे जाणं सोपं तिथे आधी गॅस्ट्रो किंवा सर्जरीच्या ओपीडीत दाखवा आणि त्यांच्या चिठ्ठीवर सिटी करा. सोयाबीनचे पैसे खाजगी सेंटरवर ओतण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवून महात्मा फुले योजनेत काय बसतं ते विचारा. बाबा भरती असतील तर तपासण्यांचा हिशेब वेगळा असू शकतो.

आणि बाबांचं एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं, तर त्याच आठवड्यात तुमची, आईची, तुमच्या भावंडांची आणि मुलांची तीच तपासणी करून घ्या. ज्यांची निगेटिव्ह येईल आणि लस झालेली नसेल त्यांनी हिपॅटायटिस बीची लस घ्यायची, ठरलेल्या अंतराने तिचे तीन डोस असतात. ज्यांची पॉझिटिव्ह येईल त्यांना गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. औषध लगेच लागेल की नाही आणि सोनोग्राफी किती दिवसांनी करायची हे ते सांगतील.